शुरूकच्या मशीनला ताप

हॅलो? … हॅलो, शुरूक? … अगं होतीस कुठे? मघापासून लावतेय फोन! … शिडीवर? मग उतर खाली. उतर आणि ऐक. तुझ्या मशीनला ताप आलाय.

… कुठलं मशीन म्हणजे काय? आपलं. जिन्याखालचं. तू लावलेलं … हो हो, चार्जर. लाल दिवा लागलाय त्याला. गाडी भरायचीच थांबली. हात लावून बघितलं तर चटका बसला, तव्याचा बसतो तसा.

… नाही गं, भाजलं नाही. … नाही भाजलं म्हटलं ना! तुला माझ्या बोटाची पडलीय, इथे माझं नाक कापलं जायची वेळ आलीय.

… आज वार कुठला? … हं. शुक्रवार. आणि जेवायला कोण येतंय? … आठवलं? अबू जुहैर. तुझे काका. इरबिदहून निघालेसुद्धा. दुपारच्या नमाजाला वाटेत जरशला थांबणार आणि तिथून थेट अम्मान, थेट आपलं दार. गाडीची बॅटरी रिकामी करून येतायत, मुद्दाम. गेल्या वर्षी ईदला, तू अकबाला जायच्या आधी, सगळ्यांसमोर काय म्हणाले होते, विसरलीस? … मी नाही विसरले. कॉफीचा कप हातात, पाय पसरलेले. "पोरीनं लावलेल्या वायरीवर माझी गाडी भरून दाखवा. भरली तर माझ्या नव्या इमारतीचं सगळं पार्किंग तिला देतो, एकेका घराला एकेक चार्जर. नाही भरली, तर तिनं मुकाट्यानं एखाद्या शाळेत शिकवायला लागावं." आणि तू काय म्हणालीस? "या काका." एवढंच! मला तर तिथल्या तिथे उठून तुझी दृष्ट काढावीशी वाटली.

… आणि काल रात्री फोन करून सांगतायत, "उम्म खलील, तयारीत राहा." उम्म खलील! खलीलची आई! कुठाय तो खलील? जन्मालाच आला नाही. मला तुम्ही तिघी झालात, थोरली तू. अख्खी गल्ली मला उम्म शुरूक म्हणते. भाजीवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतो. हे एकटेच अजून त्या न झालेल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. कितीदा सांगितलं. "होईल, होईल," म्हणतात. माझे केस पिकले, तरी होईल म्हणे.

… बरं, बरं. ऐकते. सांग. … वास? जळल्याचा? थांब, जाते बघायला. … अगं थांब ना, हातात डाव आहे. जमीद चढवलंय, कर्कहून मागवलेलं. वाळवलेल्या दह्याचा जीव तो, ढवळायचं थांबलं की फुटतं. आणि मन्सफ म्हणून मटणावर असला फुटका रस्सा घालून अबू जुहैरच्या पानात वाढायचा? … बारीक करते गॅस. केला. … हो, ऐकू येतंय, फोन डोक्याच्या रुमालात खोचलाय कानाशी, दोन्ही हात मोकळे आहेत.

… आले जिन्याखाली. … नाही, जळका वास नाही. रबराचा नाही, प्लॅस्टिकचा नाही. आपल्याच मटणाचा येतोय.

… तुझे बाबा? ते कशाला असतील इथे! शराकच्या पातळ रोट्या आणायला गेलेत. बेकरीपुढे शुक्रवारी रांग असते आणि या माणसाला रांग आवडते. घरात काहीही बिनसायची वेळ आली की हे कुठेतरी रांगेत उभे असतात.

… एमसीबी? तो खटका? पाडू? … कुठला, ज्यावर तू चिठ्ठी चिकटवलीय तो? "आई, याला हात लावू नकोस"? … आज लावू? बरं. नक्की ना? … टक्. पाडला. लाल दिवा गेला.

… आता केबल. … गार आहे. म्हणजे, कोमट. … गाडीत खुपसतो ते तोंड? तेही कोमटच. … हो गं, नीट लावला हात. पूर्ण पंजा लावला. डबाच तापलाय. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळा सारखा. मागची भिंतसुद्धा ऊन लागतेय.

… बरं झालं? बरं काय झालं त्यात? … हां. म्हणजे वायर ढिली असती तर एकाच जागी तापलं असतं. … आणि तोंड काळं पडलं असतं. … नाही, काळं नाही, बघितलं. अगं तुझं काम आहे, ढिलं कशाला असेल! तू एकेक स्क्रू आवळत होतीस तेव्हा मी इथेच उभी होते ना. गल्लीतले चार जण गंमत बघायला जमले होते, पोरगी वायरी ओढतेय म्हणून. मी सगळ्यांना चहा पाजला आणि शेवटपर्यंत उभं केलं. म्हटलं बघा, नीट बघा, परत बघायला मिळायचं नाही.

… काय? … थांब, काही ऐकू येत नाही. गॅसवाल्याची गाडी चाललीय, ते गाणं वाजवत. … गेली. बोल. … ऊन? जिन्याखाली ऊन कुठून येणार? तूच तर सावली बघून जागा निवडलीस. … हो, उकाडा आहे. यंदाचा पहिलाच असा आठवडा. … नाही, हिवाळ्यात काही झालं नव्हतं. बर्फ पडला तेव्हासुद्धा कसं गुपचूप चालत होतं, म्हणून तर मी … काही नाही. … "म्हणून तर" म्हणाले? नाही म्हणाले. तुझा फोन तुटतोय.

… आज किती गाड्या लावल्या? एक. आपली. … बरं, दोन. … शुरूक, शेजारची उम्म सिनान दारात आली गं, तिच्या मुलाला बायकोला माहेरी सोडायचं होतं. मी काय नाही म्हणू? दारात आलेल्याला आपण कॉफी दिल्याशिवाय पाठवत नाही, मग गाडी घेऊन आलेल्याला … बरं, तीन. सकाळपासून तीन. पण दोन पूर्ण भरल्या! तिसरी अर्धी झाली आणि मग लाल.

… तीन गाड्यांनी काही होत नाही? बघ! मी म्हणतच होते, दणकट आहे ते.

… हं. … हं. … फटी? कसल्या फटी? … खालच्या बाजूला. … आणि दोन्ही कडांना. हवा खेळायला. … असतील की. तू म्हणतेस तर असणारच. … मला दिसत कशा नाहीत? दिसतात. म्हणजे … इथे जरा अंधार आहे.

… अंगावर? मशीनच्या अंगावर काय असणार? … पिशव्या, कचरा? माझ्या घरात? शोभतं का तुला हे विचारणं? … झाकलंय? कोण कशाला झाकेल?

… फोटो? आत्ता? … पाठवते की. जरा जमीद बघून येते आणि पाठवते. … आधी फोटो. बरं बाई. अगदी बापावर गेलीस. … नाही, तो बिचारा हट्ट कुठे करतो! माझ्यावरच गेलीस.

… काढते, थांब. एक मिनिट. …

… कसला आवाज? … टिच टिच? … टिचबटणं आहेत. माझ्या बाहीची. … बाहीला किती असतात म्हणजे? असतात सहा. … सात.

… शुरूक, ओरडणार नाहीस असं म्हण आधी. … म्हण. … तसं नाही, मनापासून म्हण. … बरं. मी त्याला झबलं शिवलंय.

… झबलं गं, झबलं! कव्हर! … हॅलो? … आहेस ना? … ओरडणार नाही म्हणाली होतीस!

… का म्हणजे? फ्रिजला आहे, टीव्हीला आहे, पाण्याच्या कॅनला आहे. तुझ्या बाबांच्या बीपीच्या मशीनला मी झालर लावून दिलीय. आणि माझ्या मुलीनं स्वतःच्या हातांनी बसवलेलं मशीन तेवढं उघडंवाघडं टांगून ठेवू? आलेगेले काय म्हणतील, आईला कौतुक नाही?

… कधी म्हणजे, जानेवारीत. तू त्या हॉटेलाच्या कामाला अकबाला गेलीस आणि चार दिवसांनी बर्फ पडला. सकाळी येऊन बघते तर बिचारं गारठलेलं. … मशीनला थंडी वाजत नाही? … उलट आवडते? थंडी आवडते? हे तू मला आत्ता सांगतेस होय!

… हो, अस्तर आहे. … आत? आत थोडा कापूस. … जुन्या दुलईतला. … थोडा म्हणजे दोन पदर. … किंचाळू नकोस गं, हॉटेलातली माणसं काय म्हणतील! एवढी मोठी कामं घेणारी बाई आईवर किंचाळते.

… हो. फटींवरूनच आलंय ते. … खालूनही. नीट बसावं म्हणून खाली नाडी ओवलीय. … म्हणजे मी त्याला भर उन्हाळ्यात दुलईत गुंडाळून, वर नाडी आवळून, एकामागून एक तीन गाड्या ओढायला लावल्या. … कळलं. परत सांगू नकोस. मला कळलं.

… नाही, मी रडत नाहीये. कांदा चिरला होता मघाशी.

… आता काय करू ते सांग. ओलं फडकं ठेवू वर? … बरं! नाही ठेवत! बर्फही नाही! पाणी आसपाससुद्धा आणत नाही, बास? … पंखा. हां, पंखा आहे. बैठकीतला आणते. … आणला. कुठून लावू? … खालून, फटींकडे तोंड करून. … लावला. वायर जरा ताणलीय, पण पोचली. … एमसीबी अजून नको. बरं. किती वेळ? … पाव तास? पाव तासात अबू जुहैर येऊन दारात उभे राहतील गं!

… जमीद! थांब, पळते. … आहे, आहे, फुटलं नाही. उकळी येतेय. … ढवळतेय, तू बोल.

… मी काय ठरवलंय, ऐक. म्हणेन, वीज गेली होती. … तूही तेच म्हणणार होतीस? बघ, म्हटलं ना माझ्यावर गेलीस. तर वीज गेली होती, गल्लीभर गेली होती, आत्ता आली, लावा गाडी. झालं. झबल्याचं नावसुद्धा काढायचं नाही. ते मी लपवते. … अगं कारण आहे.

… सांगू? … आता ओरडायला तरी काय उरलंय तुझ्याकडे! झबलं कशाचं शिवलंय, माहितेय? माझ्या लग्नातल्या थोबाचं. … हो, तोच, पेटीतला काळा झगा. त्याच्या छातीवर लाल भरतकामाचा चौकोन होता ना, तो काढला. … उसवून कसा निघेल? कापला. कात्रीनं.

… माहितेय मला, आजीनं काढलेला होता. मी सून म्हणून यायच्या आधी सबंध हिवाळा बसल्या होत्या त्या, त्यांच्या गावच्या टाक्यानं, ती सुरूची झाडं, ते चंद्र. सगळं माहितेय. आणि तुझी आजी म्हणजे अबू जुहैरची आई, हेही माहितेय. म्हणून तर लपवायचंय. आईच्या हातचं काम मी कापून चार्जरला चढवलं हे त्यांना कळलं, तर या घरचं पाणी प्यायचे नाहीत ते. कॉफीचा कप तसाच खाली ठेवून उठतील. पार्किंग गेलं, तू गेलीस, मी गेले.

… का कापला? … का म्हणजे?

… अगं, तो तुलाच द्यायचा होता, लग्नात. कधीचं ठरलेलं होतं. पण मग वाटलं, लग्नात तू तो एक दिवस घालशील आणि परत पेटीत ठेवशील. तुझं लग्न तू करशील तेव्हा कर, मी काही म्हणतेय का? पण हे तू केलंस आणि हे रोज चालतं. रोज येता-जाता मला दिसतं. तू डोक्याला फडकं बांधून त्या भिंतीला भोकं पाडत होतीस, अंगभर दगडाची पांढरी धूळ, आणि मी मनात म्हणत होते, हीच माझ्या मुलीची वरात. मग वरातीला नटवायला नको? म्हणून कापला. मला कात्री चालवताना जरासुद्धा वाईट वाटलं नव्हतं. आज वाटतंय. तुझ्या कामाला माझ्या हौसेनं बट्टा लावला म्हणून वाटतंय.

… शुरूक? … बोल ना. … नाक पूस. शिडीवर चढायचंय तुला परत.

… हॉर्न! … आले. आले गं ते! झाला पाव तास? … अर्धासुद्धा नाही? … अगं बाई! झबलं कुठे घालू? कोचाच्या उशीखाली? तिथे तेच बसणार. … तांदळाच्या डब्यात घालते. … मावत नाही मेलं, कापूस आहे ना. … कोंबलं. झाकण बसवलं. … नको, नको, फोन ठेवू नकोस! कानाशीच असू दे. तू असलीस की मला जोर येतो.

"या, या, अबू जुहैर! घर तुमचंच आहे. … रस्ता कसा होता? … दोन टक्के? दोनच? मग जरशच्या पुढच्या चढावर थांबली असती तर काय केलं असतंत? … छे, छे, चेष्टा कशी करेन! … येतीलच आता तुमचे भाऊ, शराक आणायला गेलेत. … आधी गाडी लावायची? कॉफी तरी घ्या आधी. … बरं. चला. … हा पंखा? पंखा आहे ना तो … उकाडा किती आहे बघताय ना."

… (हो गं, म्हणते, थांब जरा.)

"… बंद का आहे? … ते … झालं काय, वीज … काय म्हणालात? … परत म्हणा. … मी म्हणालोच होतो? काय म्हणाला होतात? … 'उम्म खलील, मुलींनी मुलींसारखी कामं करावीत'?"

… शुरूक, तू गप्प बस. … नाही म्हणत मी वीज गेली. … नाही म्हणणार! ऐकलंस ना काय बोलले ते? आता वीज गेली म्हटलं तरी इरबिदला जाऊन हेच सांगणार, पोरीचं मशीन जळलं, आणि आई वर खोटं बोलली. … गप्प म्हटलं ना!

"अबू जुहैर, इकडे बघा माझ्याकडे. मशीन माझ्यामुळे बंद पडलं. … हो, माझ्यामुळे. मी त्याला दुलई घातली. … दुलई! कापसाची! ऐन उन्हाळ्यात. त्याच्या हवेच्या फटी मी झाकल्या आणि ते तापलं. आणि तापल्यावर त्यानं काय केलं? जळलं? भडकलं? आपण होऊन थांबलं आणि लाल दिवा लावून मला सांगितलं, बाई, पुरे कर. का थांबलं? तर माझ्या मुलीनं दुकानातलं मिळेल ते उचललं नाही, तापलं की थांबणारं निवडून आणलं. तिची एक वायर ढिली नाही. एक स्क्रू सैल नाही. हात लावून बघा, केबल गार आहे. तिच्या कामात काडीची खोट नाही. खोट आहे ती माझ्या सुईदोऱ्यात.

… हसताय? … हसा. पोटभर हसा. माझ्यावर हसा, तिच्यावर नाही. … कुठाय? काय कुठाय? … दुलई बघायचीय?"

… शुरूक, दाखवू? … नको? … नाही गं, दाखवते. अर्धंच खरं बोलून काय करू?

"थांबा, आणते. … हे घ्या. … तांदूळ झटका आधी, डब्यात होतं. … हो. … हो, अबू जुहैर. तुमच्या आईच्याच हातचं आहे ते. … मीच कापलं. कोणी सांगितलं नव्हतं. … बोला आता, काय बोलायचंय ते. पण त्या असत्या तर त्यांच्यासमोरही मी हेच सांगितलं असतं, की तुमच्या नातीनं या घरात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काही उभं केलं, आणि माझ्याकडे त्याच्यावर घालायला याहून चांगलं काही नव्हतं."

… 

… शुरूक. … जिन्याच्या पायरीवर बसले. झबलं मांडीवर घेऊन. … टाक्यांवरून बोट फिरवतायत. … रागावलेत? मला काय माहीत! तोंड दिसत नाही, खाली मान आहे.

"… काय म्हणालात? … हो, सुरूच. आणि हे चंद्र. … नाही, मी कधी भिंतीवर लावलं नव्हतं. पेटीतच होतं. … तुमच्या घरीही आहे? तुमच्या जुहैरच्या आईचा? … तोही पेटीतच? … हो. बाहेर काढतं कोण? … घ्या, पाणी घ्या."

… पाणी प्यायले. शुरूक, पाणी प्यायले!

… झाला पाव तास? … लावू? … तू लाव म्हटलंस तरच लावते. … टक्. … लावला. … निळा. … निळाच आहे अजून. … हिरवा! शुरूक, हिरवा झाला! … काय करतेयस? … करंट अर्धा केलास? तिकडून? फोनवरून? "अबू जुहैर, बघा, ती तिकडे अकबाला समुद्राकाठी उभी राहून आपल्या जिन्याखालचा करंट कमी करतेय! … हो, आत्ता! … जादू नाही हो, शिकलीय ती! … लावा तुमची गाडी. … असं नाही, उलटं धरलंत. … फिरवा. … आता दाबा, खट्‌ वाजलं पाहिजे. … वाजलं."

… घेतेय! गाडी घेतेय! … हळू भरेल? भरू दे की. संध्याकाळपर्यंत बसणारच आहेत, मन्सफ खाऊन लगेच उठलं कोण? … डबा? लावला हात. कोमट. … हो, लक्ष ठेवते. पंखा चालूच ठेवते, आणि अंगावर काहीही घालत नाही. रुमालसुद्धा नाही. … बरं, पुढच्या जानेवारीतही नाही. वचन.

"… हो, जा ना आत, अबू जुहैर. कॉफी किटलीत आहे, गरम आहे अजून. मी आलेच."

… गेले आत. … झबलं? बरोबर घेऊन गेले. हातातच आहे. … नाही, पार्किंगचं काही बोलले नाहीत. … मी नाही विचारणार. का विचारू? माझी मुलगी काय दारोदार काम मागत फिरते? गाडी भरतेय, हिरवा दिवा लागलाय, ज्यांना डोळे आहेत त्यांनी बघावं. … तू कशाला घाबरतेस? तू तुझं काम चोख केलंस. मी आज कोणालाही सांगेन. इरबिदला फोन लावून सांगेन.

… थांब. … शुरूक, एक मिनिट, काही बोलू नकोस. … आतून हाक मारतायत.

… ऐकलंस? … नाही ऐकू आलं? … "उम्म शुरूक" म्हणाले. … तुझी शप्पथ. "उम्म शुरूक, तुझं जमीद उतू जातंय, आणि पोरीला विचार, माझ्याकडे कामाला कधी सुरुवात करते." … हो गं! दोन्ही एका दमात! … रडू नकोस, अगं, रडू नकोस, मग मलाही …

… जाऊ दे उतू. … जाऊ दे म्हटलं ना. करपू दे. मी ओ देत नाहीये. … वेडी नाही झाले. मला ऐकू आलं नाही असं करते. परत हाक मारू दे त्यांना. … श्‌. … फोन दाराकडे धरते, तूही ऐक. … 

… आलं ऐकू? … आता आलं ना? … हं.

"आले, अबू जुहैर! आले!"

… ठेवते गं. मला बोलावतायत.